ज्ञात दोष

पटावर ब्रॅडफर्ड मांडायला घेतलं
तेव्हा हाताशी एकशे सत्तावीस षट्कोन होते
आणि नियम एकच :
एका घरात एकच गोष्ट.
डोंगर, नाहीतर गिरणी. नदी, नाहीतर रस्ता.

इथेच घोडं पेंड खातं.
या गावाची नदी गावाच्या खाली आहे.
कधीकाळी तिच्यावर कमानी टाकल्या,
कमानींवर फरसबंदी, फरसबंदीवर बँक,
आता बँकेच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
कॅनॉल रोडवर कॅनॉल नाही.
मी रोज कामाला जातो
त्या नावाला न जागणाऱ्या रस्त्यावरून.

मूळ खेळात शहर म्हणजे चार आकडे :
धान्य, माल, सोनं, समाधान.
मी माल वाढवला, मॅनिंगहॅमला धुराडं उभं केलं,
चढाला दोन चालींची किंमत लावली
(पिशव्या घेऊन वर आलेल्या कुणालाही विचारा).
रात्रपाळीची माणसं कुठून आणायची म्हणून
नियमांची फाइल उघडली.
पटाच्या कडेवरून जे जे येतं
त्याचं नाव तिथे आधीच लिहिलेलं : रानटी टोळी.
बळ आठ. बोलणी शक्य नाहीत.

मी उठून चहा करून आलो.

मी कडेवरूनच आलेलो.
एक सूटकेस, इचलकरंजीचा पत्ता, बळ अनिश्चित.
माझ्या आधी मीरपूरहून, त्याच्याही आधी युक्रेनहून आलेले,
सगळे कडेवरून, सगळे थेट रात्रपाळीला.
तो शब्द खोडायला एक सेकंद लागला.
तिथे काय लिहायचं, याला तीन आठवडे.
शेवटी लिहिलं : पाळीवाले.
खेळातही पाळी असते, गिरणीतही.

पहिला डाव शेजारच्या मॉरीन होलरॉइड खेळल्या.
वय एक्याऐंशी. माउस असा धरला
की जणू ताग्याचं टोक.
"मी मेंडिंगला होते," त्या म्हणाल्या,
आणि हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला.
आमची कुसुमआत्या मेंडिंगलाच होती,
चौदा वर्षं, चिमटा, कात्री, सुटलेला धागा.
"दोष डोळ्याला दिसत नाही, पोरा. बोटाला लागतो."
आत्याही हेच म्हणायची,
फक्त पुढे एक शिवी असायची.

एकेचाळिसाव्या खेळीला पाणी वर आलं.
नदी मी पुसली होती, निदान मला तसं वाटत होतं.
वर रस्त्याचा थर चढवला,
खाली तिचा आकडा तसाच राहिला,
आणि पावसाच्या सलग तिसऱ्या खेळीला
कॅनॉल रोड निळा झाला, मग फॉर्स्टर स्क्वेअर,
मग गोदाम, लोकरीच्या बाराशे गासड्यांसकट.
थांबा, म्हणालो, हा बग आहे, काढतो.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं,
निळ्या घराच्या काठाकाठाने फिरवलं,
काहीतरी लागत असल्यासारखं.
"इथे आमचं तळघर होतं.
वडील बादलीने उपसायचे. आई जिन्यावरून मोजायची."
किती बादल्या, ते सांगितलं नाही.
मग विचारलं, "कुणाची पाळी?"

काल मॉड बाहेर सोडलं.
सोबतच्या चिठ्ठीत, ज्ञात दोष या मथळ्याखाली :
धुराड्याची सावली कधीकधी उलट्या बाजूला पडते.
पाळीवाले चौकात थांबले तर हलत नाहीत,
त्यांचं बोलणं संपू द्या.
सलग तीन पावसांनंतर शहराला नदी आठवते.

पहिला दोष पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो.